नाचाला जमीन हवी



कार्यकर्त्याच्या घरी लग्न निघाले, की त्याच्या तत्त्वांची खरी परीक्षा मंडपवाल्याच्या यादीपुढे होते. हुंडा नाही, मानपान नाही, विवाह नोंदणी पद्धतीने करावयाचा, संध्याकाळी लॉनवर स्वागतसमारंभ ठेवावयाचा, हे सारे एका बैठकीत ठरते. मग यादीच्या तळाशी एक ओळ दिसते : डान्स फ्लोअर, भाडे वेगळे. वधूपिता पेन्सिलीने ती ओळ खोडतो आणि मुलगी म्हणते, "बाबा, तेवढी राहू द्या." असा प्रसंग आज कोणत्याही कार्यकर्त्याच्या घरी येऊ शकतो. त्याला 'उधळपट्टी' या एका शब्दाने उत्तर देणे सोपे आहे. परंतु ते पुरेसे नाही.

लग्नाच्या खर्चावरून गरिबाला दोष देण्याची रीत जुनी आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. त्याच्या चौकशीसाठी इंग्रज सरकारने आयोग नेमला. रयत लग्नकार्यात पैसा उडवते म्हणून कर्जात बुडते, हा समज त्या काळीही रूढ होता. परक्या सरकारच्या त्या आयोगालाही मान्य करावे लागले, की या कारणाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे. असे प्रसंग क्वचितच येतात. मात्र हा आधार आज प्रामाणिकपणेच वापरला पाहिजे. साखरपुडा, हळद, संगीत आणि लग्न या प्रत्येकाचा स्वतंत्र मांडव पडू लागला, की 'क्वचित' या शब्दाला अर्थ उरत नाही. कर्ज काढून तक्तपोशी आणणे हे कोणत्याही युक्तिवादाने समर्थनीय ठरत नाही. तेथे ओळ खोडणे हेच योग्य.

परंतु कर्ज काढावे लागत नसेल, तर प्रश्न वेगळा होतो. सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ रोजी पुरोहितावाचून पहिला विवाह लावला. तेथील साधेपणा परावलंबन तोडण्यासाठी होता. आनंदाशी त्याचे वैर नव्हते. आपल्याकडे वरातीपुढे नाचण्याचा हक्क वर्षानुवर्षे पुरुषांनी भोगला. मध्यमवर्गीय घरातील स्त्रियांचा नाच मंगळागौरीच्या रात्री, दार लोटून घेतलेल्या माजघरात झाला. डहाणू-जव्हारकडच्या वारली पाड्यांवर मात्र तारप्याच्या सुरावर स्त्रीपुरुष एकमेकांना धरून एकाच फेऱ्यात नाचतात, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. तेव्हा आपल्या लग्नात उघड्यावर, चारचौघांत नाचू इच्छिणारी मुलगी केवळ हौस मागत नाही. आजीला जे दार लोटून करावे लागले, ते ती दार उघडून करू पाहते.

आता जमिनीचा विचार. नाचाला सपाट आणि टणक भूमी लागते, हे फुगडी घालणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. लॉनवरील गवताला दुपारी पाणी दिलेले असते, हिवाळ्यात दव पडते, मध्येच पाण्याच्या नळीचे तोंड वर आलेले असते. गवतावर टाकलेला गालिचा खड्डे लपवतो, बुजवीत नाही. तेथे एखाद्या मावशीचा पाय मुरगळला, तर भाडे वाचवल्याचे समाधान फार काळ टिकत नाही. लॉनला लागून शहाबादी फरशीचे किंवा सिमेंटचे अंगण असेल, तर मात्र भाड्याने काही आणण्याची गरजच नाही. दिवा तिकडे वळवावा म्हणजे झाले.

हिशेबही करावा. तीनशे पाहुण्यांपैकी एका वेळी शंभरजण नाचतील असे धरले आणि माणशी साडेचार चौरस फूट जागा मोजली, तर साडेचारशे चौरस फूट लागतात. म्हणजे सुमारे वीस बाय तेवीस फुटांची तक्तपोशी. फुगडी किंवा लेझीम होणार असेल तर अधिक. घरातील दहा तरुणच नाचणार असतील, तर एवढी फळी कोणासाठी? वेळेचेही भान हवे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकारने सवलत दिलेले मोजके दिवस तेवढे अपवाद. नऊ वाजता पंगत उठणार असेल, तर भाडे साऱ्या रात्रीचे आणि नाच तासाभराचा.

शेवटचा प्रश्न यादीत कधीच नसतो. ती जड फळी टेम्पोतून उतरवून, लोखंडी सांगाडा समपातळीत आणून जोडणारे आणि पाहुणे गेल्यावर रात्री ती उचलणारे हात कोणाचे? त्यांची मजुरी पुरती मिळते का? त्यांचे ताट पंगतीत वाढले जाते का? समतेची गाणी लावून खाली त्या हातांना उपाशी ठेवणारा समारंभ कार्यकर्त्याला शोभत नाही.

म्हणून वधूपित्याने पेन्सिल पुन्हा उचलावी. वधूवरांसाठी सोनेरी सिंहासने, फुलांची कमान, धुराचे यंत्र ही वस्तुजात दोघांना उंचावर बसवून तीनशे जणांना प्रेक्षक करते, ती खोडावी. फळी मात्र सर्वांना एका पातळीवर आणू शकते. वस्तीतल्या बायका, कार्यालयातला शिपाई, व्याही आणि मांडवाचे मजूर तीवर पाऊल टाकणार असतील, पदरचा पैसा पुरत असेल आणि जमीन खरोखरच वाईट असेल, तर ती ओळ राहू द्यावी. नसेल, तर मुलीला कारण नीट सांगावे. आणि फळी आलीच, तर तीवर पहिले पाऊल मुलीच्या आजीला टाकू द्यावे.