पाळी गेल्यानंतरची वर्षे आणि केसपेपरवरचा एक प्रश्न

सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे वैद्यकशास्त्र मानते, आणि भारतीय स्त्रीच्या बाबतीत हा टप्पा साधारण ४६-४७व्या वर्षी, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रीच्या तुलनेत चार-पाच वर्षे आधीच येतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी हजारोंच्या वाट्याला मात्र ही नैसर्गिक वेळही आलेली नाही. २०१९ साली राज्य शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांवर स्त्रियांची ‘पिशवी’ (गर्भाशय) काढलेली आढळली, म्हणजे जवळजवळ दर सहा जणींमागे एकीची. आणि त्यांतल्या अनेकजणी तिशी-पस्तिशीतल्या होत्या. स्त्रियांच्या आरोग्यासाठी भरलेल्या या परिषदेने चर्चेचा आरंभ त्यांच्यापासून करणे न्याय्य ठरेल.

गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले गेले, तर इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा पुरवठा एका दिवसात तुटतो. ते राखले, तरी त्यांचे काम वेळेआधी थांबण्याची शक्यता वाढते. इस्ट्रोजेन ओसरले की मांड्या-नितंबांवर साठणारी चरबी पोटात, अवयवांभोवती साठू लागते, यकृत रक्तातील घातक कोलेस्टेरॉल पूर्वीसारखे शोषून घेत नाही, आणि पेशी इन्शुलिनला पुरेशी दाद देत नाहीत. यातूनच चयापचय विकारसमूह उद्भवतो. कमरेचा घेर ८० सेंटिमीटर किंवा अधिक, ट्रायग्लिसराइड १५० वा अधिक, हितकर कोलेस्टेरॉल ५०हून कमी, रक्तदाब १३०/८५ वा त्यावर आणि उपाशीपोटी साखर १०० वा अधिक, या पाचांपैकी कोणतीही तीन लक्षणे एकत्र आढळली की त्याचे निदान होते. कष्टकरी बाई काटकुळी दिसते म्हणून तिला यातून वगळणे ही मोठी चूक आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली दाखवून दिले की उंचीच्या मानाने सारखेच वजन असलेल्या दोन माणसांत भारतीयाच्या शरीरात चरबीचे प्रमाण पाश्चात्त्य माणसाच्या दुपटीहून अधिक असू शकते.

जीवनमान मोजण्याच्या प्रचलित प्रश्नावल्या झोप, अंगातून निघणाऱ्या वाफा, सांधेदुखी, चिडचिड यांविषयी विचारतात, आणि ते योग्यच आहे. परंतु उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून वर चढणाऱ्या, रात्री पालात निजून पहाटे पुन्हा फडात उतरणाऱ्या स्त्रीला या प्रश्नावल्यांत जागा नाही. कामाला एक दिवस खाडा पडला तर मुकादम दंड लावतो, उचल फिटत नाही, आणि म्हणून पाळीचा त्रासच मुळासकट काढून टाकण्याचा सल्ला तिला सोयीचा वाटतो; त्या सल्ल्याने पुढच्या वीस-तीस वर्षांत हृदयावर आणि हाडांवर काय ओढवेल, हे तिला सांगण्याचे उत्तरदायित्व सर्वस्वी वैद्यकाचेच होते. ते पाळले गेले नाही, ही गोष्ट या व्यासपीठावरून स्पष्टपणे मान्य व्हायला हवी.

२००२ साली अमेरिकेतील विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या अभ्यासाचा एक भाग स्तनकर्करोगाचा धोका वाढल्यामुळे थांबवला गेला, तेव्हापासून संप्रेरक उपचारांविषयी धास्ती पसरली. तो अभ्यास ५० ते ७९ वयाच्या स्त्रियांचा होता; पस्तिशीत बीजकोश गमावलेल्या स्त्रीला, अन्य अडचण नसल्यास, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन देणे आजच्या शास्त्राला मान्य आहे. त्यासाठी केसपेपरवर ‘पाळी कोणत्या वर्षी गेली, पिशवी काढली का, बीजकोश आहेत का’ हा प्रश्न रक्तदाबाच्या शेजारी छापला जावा, आणि दिवाळीच्या सुमारास टोळ्या गाव सोडण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात कंबर, रक्तदाब व साखर मोजून ती नोंद त्या स्त्रीच्याच हाती दिली जावी, म्हणजे कोल्हापूर किंवा कर्नाटकातील कारखान्याजवळचा डॉक्टरही ती वाचू शकेल.