डोनर गाडी घ्यायची की सुटे पार्ट?

मागच्या भागात मी घरी बांधत असलेल्या गाडीचा ओझरता उल्लेख केला आणि तुमचे मेसेज आले, "पार्ट कुठून आणलेस?" आज तेच सांगतो. कारण या एका निर्णयात माझे आठ महिने पाण्यात गेले.

मी नोकरीमुळे इंग्लंडात, कॉव्हेंट्रीला राहतो. इथे लोकांना गॅरेजमध्ये गाडी बांधायचा जुना नाद आहे. १९५७ साली लोटस सेव्हन ही छोटी, उघडी, दोन सीटची गाडी आली. ती किट म्हणून घेतली की परचेस टॅक्स वाचायचा, म्हणून लोक घरी जोडायचे. पुढे १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांनी २५० पौंडांत अशी गाडी कशी बांधायची याचं पुस्तकच लिहिलं. त्यात जुनी फोर्ड एस्कॉर्ट घ्यायची आणि तिचे भाग वापरायचे. अशा गाडीला डोनर म्हणतात. म्हणजे अवयवदान करणारी गाडी!

मी आणि माझा मित्र मात्र जास्त शहाणे. आम्ही माझदा एमएक्स-५ चे भाग वापरायचं ठरवलं. १९८९ ला आलेली ही गाडी या कामाला झकास, कारण इंजिन पुढे उभं बसवलेलं आणि ताकद मागच्या चाकांना. पण आम्ही म्हटलं, आपल्याला दारं नकोत, बॉनेट नको, मग अख्खी गाडी कशाला? इंजिन एका भंगारवाल्याकडून, गिअरबॉक्स दुसऱ्याकडून, वायरिंग आणि ईसीयू ऑनलाइन. एकूण ११०० पौंड.

आणि मग मजा सुरू झाली. इंजिन निघालं १.६ चं, वायरिंग आणि ईसीयू १.८ चे. १.६ मध्ये हवा मोजायला झडपेचा मीटर असतो, १.८ मध्ये गरम तारेचा. प्लगच बसेना! गिअरबॉक्स आणि मागच्या डिफरन्शियलला जोडणारी लांब फ्रेम असते, ती आम्हाला कोणी दिलीच नव्हती. आज एक ब्रॅकेट, उद्या चार बोल्ट, दर आठवड्याला खिशाला चाट. सॉफ्टवेअरवाल्यांना लगेच कळेल, प्रत्येक लायब्ररी वेगळ्या व्हर्जनची. आणि खरी भीती वेगळीच होती. ते इंजिन चालू असताना आमच्यापैकी कोणी ऐकलंच नव्हतं.

तेवढ्यात मित्राची मुंबईला बदली ठरली. तो म्हणाला, "चेसी विकून टाकू रे, आता नाही होत." त्या रात्री मी खरंच जाहिरात लिहायला घेतली होती.

शेवटचा प्रयत्न म्हणून आम्ही अख्खी एमएक्स-५ घेतली, ९०० पौंडांना. दारांखालचा पत्रा गंजून गेलेला, त्यामुळे एमओटी तपासणीत नापास. पण इंजिन पहिल्या झटक्यात सुरू! खोलण्याआधी आम्ही ती अंगणात तापेपर्यंत चालवली. क्लच, सगळे गिअर, दिवे, तापमान, सगळं बघितलं. मग प्रत्येक प्लगला चिठ्ठी, प्रत्येक बोल्ट पिशवीत, प्रत्येक पायरीचा फोटो. दारं, सीट, बॉनेट विकून ३५० पौंड परत आले. म्हणजे पडली ५५० ला. सुट्या पार्टांच्या निम्म्यात!

शिवाय कागद. इथे घरी बांधलेल्या गाडीला आयव्हीए नावाची तपासणी पास व्हावी लागते. धुराचे नियम इंजिनच्या वयावर ठरतात, आणि ते वय तुम्ही सिद्ध करायचं. भंगारवाल्याच्या पावतीवर फक्त 'इंजिन' लिहिलेलं. डोनरच्या लॉगबुकमुळे हा प्रश्न सोपा झाला.

मग सुटे पार्ट कधी घ्यायचे? जागा नसेल, अख्खी गाडी ठेवायची सोय नसेल, तेव्हा. पण तेव्हाही इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग, ईसीयू आणि किल्ली एकाच गाडीचे घ्या. आणि ब्रेक पॅड, पाइप, बेअरिंग, टायर हे डोनरचे चांगले दिसले तरी नवेच घाला. तिथे काटकसर नको.

"आपल्याकडे करू का?" असं विचारणाऱ्यांसाठी. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून गाडी बनवली. २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी त्यांचं कौतुक केलं, पण ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवतील, हेही सांगितलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. तेव्हा बांधा जरूर, पण रस्त्यावर काढायची असेल तर वेल्डिंगच्या आधी आरटीओत विचारा.

मित्र जायच्या आधीच्या रविवारी आमच्या चेसीवर ते इंजिन सुरू झालं. सीट नव्हती, बॉडी नव्हती. तो पालथ्या बादलीवर बसून अ‍ॅक्सिलरेटर दाबत होता आणि शेजारच्या आजी खिडकीतून बघत होत्या.

पुढच्या भागात वायरिंग. तुमच्याकडे डोनरचा काही किस्सा असेल तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू!