विरजण



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानात दह्याविषयी बोलावे, हे आपणांपैकी काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु संयोजकांनी 'आहार आणि आरोग्य' हा विषय दिला, आणि या विषयातील ज्या एका गोष्टीचा मला रोजचा अनुभव आहे ती म्हणजे विरजण. पत्नीच्या दीर्घ आजारपणात घरातले विरजण तुटले. तेव्हा ते तेलुगु शेजारणीकडून वाटीत आणले. तेव्हापासून ते माझ्याकडे आहे.

आपल्या हैदराबादेत दख्खनी बोलणाऱ्या घरी विरजणाला 'जामन' म्हणतात, तेलुगु घरी 'तोडु'. तेलुगूत 'तोडु' म्हणजे सोबतही. दुधाला सोबत द्यायची, की त्याचे दही होते! आमच्या मराठीने असा सुंदर श्लेष साधलेला नाही, हे मान्य केले पाहिजे.

ही सोबत नेमकी कोणाची, हे पुष्कळ उशिरा कळले. स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन तरुणाने 1905 मध्ये जिनिव्हा येथे आपल्या देशातील दह्यातला जिवाणू शोधून काढला. पुढे मेचनिकॉव्ह या नोबेल पारितोषिक विजेत्या शास्त्रज्ञाने दह्याने आयुष्य वाढते असा सिद्धान्त मांडला. तो सिद्ध झाला असे म्हणवत नाही. दह्याला अमृत ठरविण्याची घाई आपणही करू नये. जे निश्चित आहे ते पुरेसे आहे. हे जिवाणू दुधातील साखरेचे आम्ल करतात, त्या आम्लाने दुधातील प्रथिने घट्ट होतात. साखरेचा काही अंश आधीच खर्ची पडल्यामुळे ज्यांना दूध सोसत नाही अशा अनेकांना दही सोसते. चुना आणि प्रथिने मात्र दुधातल्याप्रमाणेच मिळतात.

कृती अगदी साधी आहे, पण तीत हयगय चालत नाही. दूध उकळावे आणि करंगळी बुडवली असता सुखाने सोसेल इतके, म्हणजे 40 ते 45 अंशांपर्यंत, निवू द्यावे. फार ऊन दुधात जिवाणू मरतात, गार दुधात ते आळसावतात. एक लिटर दुधाला चहाचा एक चमचा विरजण पुरते. जास्त घातल्याने दही गोड होत नाही, आंबट होते. भांडे हलवू नये. उन्हाळ्यात येथे चार-पाच तासांत दही लागते. डिसेंबरात रात्रभर गोधडीत गुंडाळून ठेवावे लागते. लागल्यावर ते थंड जागी ठेवावे आणि उद्याचे विरजण आधी बाजूला काढावे. हा शेवटचा नियम मोडला, की शेजारी जाणे आले.

शेजार मात्र आता उरला नाही. सदनिकांची दारे बंद असतात आणि मुले परदेशी. एकट्या वृद्धाला दुकानातील डबी सोयीची वाटते. साधे दही विकत घेण्यात काही वावगे नाही. त्यातून विरजणही लावता येते. माझा आक्षेप फळांच्या स्वादाच्या गोड डब्यांना आहे. त्यांवरील घटकांची यादी वाचावी, साखर कितव्या क्रमांकावर आहे ते पाहावे. नातवंडांना आपण दही देतो आहोत की मिठाई, हे तेथेच कळते. शंका असल्यास घरचे अदमुरे दही द्यावे. चरकसंहितेत अर्धवट लागलेल्या दह्याला 'मंदक' म्हणून दोष दिला आहे, हे ठाऊक आहे. पण आमचे अदमुरे पुरते लागलेले, केवळ आंबट न झालेले असते.

शाळेला एक सूचना करतो. सहावीच्या वर्गात तीन वाट्या ठेवाव्यात: कढत, कोमट आणि गार दुधाची. तिघींत सारखेच विरजण घालावे. दुसऱ्या दिवशी मुलांनी जे दिसेल ते मराठीत लिहावे. कवडीसारखे लागले, पाणी सुटले, तार आली, निवळी वर आली, हे शब्द त्यांना पुस्तकात क्वचितच भेटतील. वाट्या विज्ञानाच्या शिक्षकांनी आणाव्यात. वह्या तपासायला मी येईन.