देवराष्ट्र्याचा पोर
(गिरगांव येथील सभेंत केलेलें भाषण)



कराड, पाटण, वाळवें या बाजूचीं पुष्कळ माणसें आज येथें जमलीं आहेत. आम्ही खेड्यांतले मास्तर. आम्हांस मोठालीं व्याख्यानें येत नाहींत. तुमच्याच मुलुखांतल्या एका पोराची हकीकत तेवढी सांगतों.

यशवंतराव चव्हाण यांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजीं देवराष्ट्रें येथें, आजोळीं झाला. बाप बळवंतराव कराडच्या कोर्टांत बेलीफ. पोर लहान असतांनाच प्लेगनें बाप गेला. आई विठाबाई निरक्षर. थोरल्या ज्ञानोबांनीं कोर्टांत नोकरी धरली. पण धाकट्यांची शाळा माउलीनें सुटूं दिली नाहीं. या गोष्टीवरच पुढचें सारें उभें आहे.

मधले बंधु गणपतराव हे सत्यशोधक विचाराचे. त्यांच्यामुळें जोतीरावांचे विचार घरांत आले. पण टिळक हायस्कुलांत शिकतांना यशवंताचें मन स्वराज्याकडे ओढलें. १९३२ सालीं त्यास अठरा महिन्यांची सजा झाली. माफी मागितल्यास पोर सुटेल, असें विठाबाईंस सुचविण्यांत आलें. त्यांनीं साफ नकार दिला. सजा भोगून पोर पुन्हां बाकावर बसला. १९३४ सालीं मॅट्रिक, १९३८ सालीं कोल्हापुरास राजाराम कॉलेजांतून बी. ए., १९४१ सालीं पुण्यास वकिलीची परीक्षा.

कोणी म्हणेल, हा तर आपली चळवळ सोडून काँग्रेसमध्यें गेला! आम्हांस तसें वाटत नाहीं. १९३७ च्या निवडणुकींत सातारा जिल्ह्यांत शेतकऱ्याचाच माणूस उभा करा, असा हट्ट या तरुणांनीं काँग्रेसपाशीं धरला. आत्माराम पाटील उभे राहिले आणि निवडून आले. जोतीरावांची शिकवण सोडली असती, तर हा हट्ट कशास धरला असता?

जून १९४२ मध्यें वेणूताईंशीं लग्न झालें, आणि दोन महिन्यांतच नवरा भूमिगत झाला. त्यापायीं नव्या नवरीसहि तुरुंग पाहावा लागला. १९४६ सालीं ते मुंबई कायदेमंडळांत निवडून आले, १९५२ सालीं पुरवठामंत्री झाले, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजीं, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षीं, द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले.

येथें एक खरें बोललें पाहिजे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत याच गिरगांवांत गोळ्या चालल्या, माणसें मेलीं. आणि यशवंतराव तेव्हां नेहरूंच्या बाजूस राहिले. तुमच्या वडीलधाऱ्यांचा राग वावगा नव्हता. १९५७ सालीं कराडांतहि ते थोडक्या मतांनींच तरले. पुढें १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें आणि तेच पहिले मुख्यमंत्री झाले. पण तो दिवस लोकांनीं रक्त देऊन आणला, हें विसरूं नये. आपल्या माणसाचा अभिमान बाळगावा, त्याची भक्ति करूं नये.

आतां आमचें मागणें एकच. कापणीच्या दिवसांत आमच्या शाळेंतलीं बाकें रिकामीं होतात. इकडे शहरांतहि हुशार पोरास मध्येंच दुकानांत, कारखान्यांत लावितात. घरची ओढ आम्ही जाणतों. पण विठाबाईंच्या घरीं काय सुबत्ता होती? पोरगा असो वा पोरगी, शाळेंतून नांव काढण्याआधीं त्या माउलीस एकदां आठवा. एवढें कराल, तर आमचें येथवर येणें सार्थकीं लागलें.