तव्यावरची पोळी आणि पांढरा बॉल



आमच्या कामोठ्यात संध्याकाळी शाळा-क्लास आटोपले की मुलं स्नूकर खेळायला जातात, आणि ते काही आयांना खुपतं. "पार्लर" हा शब्द ऐकला तरी त्यांच्या कपाळाला आठी पडते. आयांशी मी शेवटी बोलणार आहे. आधी मुलांना रागवायचं आहे.

गेल्या शनिवारी भाच्याबरोबर गेले आणि दोन तास कोपऱ्यात बसून खेळ बघितला. लाल बॉल धाडकन पॉकेटमध्ये गेला की टाळ्या, आरडाओरडा. आणि पांढरा बॉल? तो जाऊन कुशनला चिकटलेला. पुढचा फटका मारायला जागाच नाही. त्याच्याकडे एकाचंही लक्ष नव्हतं. बाळांनो, गेलेला बॉल बघू नका. पांढरा कुठे थांबला ते बघा.

पोळ्या करणाऱ्या बाईकडे कधी नीट बघितलंय का? एक पोळी तव्यावर, दुसरी पोळपाटावर, तिसरीचा उंडा हाताशी. तव्यावरची पोळी टम्म फुगली म्हणून ती कौतुकाने बघत बसली, तर पोळपाट रिकामा राहतो, तवा नुसताच तापतो आणि पुढची पोळी पडताक्षणी करपते. तिचा हात तव्यावर असतो, पण मन लाटण्याखाली असतं. स्नूकरमध्ये लाल घालवणं ही तव्यावरची पोळी. पांढरा बॉल काळ्या बॉलजवळ आणून ठेवणं ही पोळपाटावरची. आणि काळा घातल्यावर कोणत्या लालवर जायचं, तो तिसरा उंडा. हे तिन्ही एका वेळी डोक्यात नसतील, तर एक लाल, एक काळा, आणि मग खुर्चीत जाऊन बसायचं.

काळ्याजवळ आणायचा म्हणजे अगदी सरळ रेषेतही नाही बरं. सरळ आलात की काळा जाईल, पण पांढरा पुढे किंवा मागेच सरकेल, आडवा लालच्या घोळक्याकडे जाणार नाही. थोडा कोन ठेवावा लागतो. पोळी लाटताना कडेला जरा जास्त दाब देतो ना, तसं.

हे ज्याने करून दाखवलं तो आपल्या मुंबईचा आदित्य मेहता. 2012 मध्ये दोह्याला आशियाई विजेता, 2013 मध्ये कोलंबियातल्या काली शहरात जागतिक खेळांचं सुवर्ण. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्लीच्या इंडियन ओपनमध्ये तो अंतिम फेरीत पोचला. व्यावसायिक मानांकन स्पर्धेत तिथवर गेलेला तो पहिला भारतीय. अंतिम सामन्यात चीनच्या डिंग जुनहुईने त्याला 5-0 असं हरवलं, आणि लोकांच्या लक्षात तेवढंच राहिलं. मला लक्षात ठेवायचंय ते 2014 मधलं जर्मनीतलं, पॉल हंटर क्लासिकमधलं. तिथे त्याने 147 चा ब्रेक केला, म्हणजे एकाच खेपेत सलग 147 गुण. पंधरा लाल, प्रत्येक लालनंतर काळा, मग सहा रंग. छत्तीस बॉल, एकापाठोपाठ एक. म्हणजे शेवटचा सोडला तर पस्तीस वेळा पांढरा बॉल पुढच्या फटक्याच्या जागी जाऊन थांबला. पस्तीस वेळा पोळपाट रिकामा राहिला नाही!

पुन्हा सांगते, कारण ऐकताना निसटतं. छत्तीस बॉल आत गेले हे कौतुक आहेच. पण पस्तीस वेळा पांढरा जागेवर आला, म्हणून ते गेले.

याची दुसरी बाजू बघायची तर आयर्लंडला जावं लागेल. डब्लिनचा केन डोहर्टी. लहानपणी हात पोचत नव्हता म्हणून बिस्किटाच्या डब्यावर उभा राहून खेळायचा. 1997 मध्ये त्याने स्टीफन हेन्ड्रीला 18-12 हरवून विश्वविजेतेपद मिळवलं. पण त्याचं नाव काढलं की लोकांना आठवतो सन 2000 चा मास्टर्सचा अंतिम सामना. 147 च्या वाटेवर 140 झाले होते, शेवटचा काळा उरला होता, सोपा होता, आणि तो हुकला. तो सामनाही त्याने 10-8 ने गमावला. पंचवीस वर्षं लोक त्या काळ्याबद्दल हळहळताहेत. अहो, पण त्या शेवटच्या काळ्यावरही पांढरा व्यवस्थित आला होता! पस्तिसाव्या वेळीसुद्धा. त्या माणसाने पस्तीस पोळ्या जेवायला वाढल्या असत्या, तर शेवटची करपली म्हणून त्याला सुगरण म्हणायचं नाही का?

   

एक अगदी आपल्याकडची गोष्ट राहायला नको. कामोठं खाडीजवळचं, पावसाळ्यात हवा ओलीचिंब. टेबलावरचं कापड दमट होतं आणि बॉल कमी पळतो. मे महिन्यात जेवढ्या जोराने पांढरा जागेवर यायचा, तेवढ्याच जोराने जुलैत तो अलीकडेच थांबतो. आपण पावसाळ्यात कणकेत पाणी जरा हात राखूनच घालतो की नाही? मग पहिली दहा मिनिटं बॉल पॉकेटमध्ये घालू नका, नुसता पांढरा इकडून तिकडे ढकलून बघा, कापड किती ओढतंय ते कळेल. मुलं हे करत नाहीत. पैसे तासावर असतात, म्हणून घाई. पण त्याच घाईने पुढचा सगळा तास वाया जातो.

स्टुडिओच्या काचेपलीकडून खूण आली, दोनच मिनिटं उरली. आदित्यच्या मान-खांद्याच्या दुखण्याबद्दल बोलायचं होतं, तासन्‌तास वाकून उभं राहिल्याने काय होतं, आणि त्यातून सावरून 2020 मध्ये पुण्यात पंकज अडवाणीला हरवून तो राष्ट्रीय विजेता कसा झाला... ते आता होणार नाही.

आयांनो, तुमच्यासाठी एवढंच. मुलाला रागवायच्या आधी एकदा त्याच्याबरोबर जा. कोपऱ्यात बसायला जागा असते. अर्धा तास बसा, आणि लाल बॉल आत गेला की सगळे ओरडतील तेव्हा तुम्ही पांढऱ्याकडे बघा. तो चुकीच्या जागी थांबला असेल, तर घरी येताना मुलाला तो तिथे का थांबला, तेवढं विचारा.