विजेची राख आणि खालच्या गावचे पाणी



वीज केंद्रातून सुटणारे सांडपाणी आणि त्या प्रवाहाच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांचे पिण्याचे पाणी, हा माझा आजचा विषय आहे. पाटणात हा विषय कशाला, असे आपल्यापैकी कोणाच्या मनात आले असेल तर त्यात नवल नाही. आपल्याकडे वीज म्हणजे कोयना. धरणाचे पाणी डोंगर पोखरून पश्चिमेला नेले, पोफळीकडे यंत्रे फिरवली आणि वाशिष्ठीत सोडून दिले. पायथ्याच्या वीजगृहातून सुटणारे पाणी आपल्या गावावरून जाते आणि कराडला कृष्णेस मिळते. कोयनेने गावे बुडवली, माणसे उठवली, ते दुःख आपल्या तालुक्याला ठाऊक आहे आणि ते अजून पुरते निवारलेले नाही. पण यंत्र फिरवून आलेले पाणी जसे आत गेले जवळजवळ तसेच बाहेर येते. त्यात राख नसते. वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्यांना तर वीज करण्यासाठी पाणीही लागत नाही. तेव्हा वीज केल्यामुळे कोणाची घागर नासते, हे आपल्या अनुभवातले नव्हे.

परंतु वीज एकदा तारेवर आली की तिचे गोत्र ओळखता येत नाही. कोयनेची वीज आणि कोळशाची वीज एकाच जाळ्यात मिसळते. कोयना मुख्यतः मागणी चढली की धावून येते; दिवसरात्रीचा बराचसा भार कोळसा वाहतो. कोयनेची यंत्रे चालवणारी महानिर्मिती कंपनीच नागपूरजवळची कोराडी आणि खापरखेडा ही कोळशाची केंद्रे चालवते. म्हणून तेथील राख ही परक्यांची राख, असे म्हणण्याची सोय आपल्याला नाही.

थोडा हिशेब करू. एक युनिट वीज करायला साधारण साडेसहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा लागतो. आपल्या देशातल्या कोळशात राखेचे प्रमाण फार. शेकडा ३० ते ४५ असते. म्हणजे युनिटमागे सुमारे पाव किलो राख. ज्या घरात महिन्याला १०० युनिट कोळशाची वीज जळते, त्या घरामागे महिन्याला पंचवीस किलो राख कोठेतरी पडते. कोराडीत ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत. त्यातला एक संच पूर्ण जोराने दिवसभर चालला, तर त्याची एका दिवसाची राख साडेतीन-चार हजार टन भरते.

ही राख जाते कोठे? थोडी जड राख बॉयलरच्या तळाशी पडते. बाकीची बारीक राख धुराबरोबर वर जाऊ पाहते, तिला चिमणीच्या आधीच विजेच्या यंत्राने पकडतात. तेथवर ती कोरडी असते, आणि कोरडी उचलली तर सिमेंटला चालते, विटांना चालते. सिमेंटच्या एका नेहमीच्या प्रकारात शेकडा ३५ पर्यंत राख घालण्यास मानकाचीच परवानगी आहे. पण उचलणारा नसला म्हणजे सोपा मार्ग काढतात. राखेत पाणी मिसळायचे आणि तो पातळ रबडा नळातून दूरच्या राखेच्या बंधाऱ्यात ढकलायचा. राख खाली बसते, पाणी वर तरंगते. ते पाणी परत केंद्रात आणून पुन्हा वापरावे, असा नियम. ते परत आले नाही, नळ फुटला, किंवा पावसाळ्यात बंधारा भरून वाहिला, म्हणजे ते पाणी नाल्याला आणि नाल्यातून नदीला जाते.

कोराडी-खापरखेड्याच्या परिसरातला उतार कोलार नदीकडे आहे, आणि कोलार कन्हानला मिळते. कन्हानवर नागपूर महानगरपालिकेचे जलशुद्धीकरण केंद्र आहे. त्याची क्षमता दिवसाला २४ कोटी लिटर. शहराच्या मोठ्या भागाचे पिण्याचे पाणी तेथून येते. २०२१ साली मंथन अध्ययन केंद्र आणि त्याच्या सहकारी संस्थांनी या दोन केंद्रांभोवतालच्या गावांतले पाणी तपासून अहवाल काढला. काही नमुन्यांत जड धातू आणि फ्लोराईड पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपेक्षा अधिक निघाले. फेब्रुवारी २०२२ मध्ये तेव्हाचे पर्यावरण मंत्री आदित्य ठाकरे यांनी नांदगावला जाऊन तेथील बंधाऱ्यात राख टाकणे थांबवण्यास सांगितले. त्यानंतर पाचच महिन्यांनी, जुलैच्या मुसळधार पावसात, कोराडीचा खसाळ्याचा बंधारा फुटला. राखेचा लोंढा शेतांत शिरला, कोलारमध्ये गेला, आणि तेथून कन्हानच्या वाटेला लागला. एका बंधाऱ्याची व्यवस्था लागते न लागते तोच दुसरा फुटतो, याचा अर्थ दुखणे बंधाऱ्यात नाही. राख पाण्यात कालवून साठवण्याच्या रीतीत आहे.

यावर कोणी म्हणेल, शुद्धीकरण केंद्र असते कशासाठी? महानगरपालिकेने पाणी अधिक गाळावे. श्रोतेहो, येथे नीट विचार केला पाहिजे. नदीच्या पाण्यातला गाळ तुरटीने खाली बसवायचा आणि वाळूच्या थरातून पाणी गाळायचे, अशी ही केंद्रांची रीत. राखेचा लोंढा आला की तुरटी अधिक लागते, वाळूचे थर लवकर तुंबतात, ते वरचेवर धुवावे लागतात आणि तेवढे पाणी कमी पडते. आणि ही झाली दिसणारी राख. राखेतून पाण्यात विरघळून आलेले बोरॉन किंवा फ्लोराईड वाळूच्या थराला अडत नाही. शिवाय शहराला निदान केंद्र तरी आहे. मधल्या खेड्यातल्या विहिरीला आणि हातपंपाला कोणते केंद्र? वरच्याने घाण करावी आणि खालच्याने गाळत बसावे, आणि गाळण्याचा खर्चही खालच्यानेच पाणीपट्टीतून भरावा, हा चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा प्रकार आहे.

उपाय वरच आहे, आणि तो अज्ञात नाही. राख कोरडीच उचलावी आणि कोरडीच द्यावी. जी ओली करावीच लागते ती अगदी थोड्या पाण्यात, घट्ट करून न्यावी. बंधाऱ्याच्या तळाला अस्तर असावे, आणि वरचे पाणी केंद्रात परत आणणारे पंप पावसाळ्यातही चालू राहावेत. नद्यांचे ताजे पाणी कमी घ्यावे. नागपूर शहराचे शुद्ध केलेले मैलापाणी कोराडी केंद्र वापरते, ही चांगली गोष्ट आहे आणि ती सांगितली पाहिजे. फुकट मिळणारे पाणी मुबलक असते तेथे ते वाहून जाते. मोजून घ्यावे लागते तेथे ते जपून वापरले जाते.

कायद्याचीही उणीव नाही. जलप्रदूषण रोखण्याचा महाराष्ट्राचा कायदा १९६९ चा, म्हणजे केंद्राच्या १९७४ च्या कायद्याआधीचा. डिसेंबर २०१५ च्या नियमांनी जुन्या केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा घातली, आणि १ जानेवारी २०१७ नंतरच्या केंद्रांनी सांडपाण्याचा थेंबही बाहेर सोडू नये असे ठरवले. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने सगळी राख उपयोगात आणण्याचे बंधन घातले आणि न आणलेल्या राखेवर टनामागे १००० रुपये भरपाई लावली. कायदा पुस्तकात उभा आहे. त्याला नदीकाठी आणून उभा करणारा माणूस हवा.

हा माणूस कोण, याविषयी मला माझ्या धंद्याच्या अनुभवावरून बोलायचे आहे. माझे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले. असा प्रश्न निघाला की कामगारांना हटकून सांगण्यात येते, ‘फार बोलाल तर कारखाना बंद पडेल, तुमची भाकरी जाईल.’ भाकरीचे भय खोटे नसते; मी ते घरोघर पाहिले आहे. पण जो कामगार राखेच्या नळावर काम करतो, तो राहतो कोठे? त्याच खेड्यांत. त्याच्या पोरांना पाणी कोठले? त्याच विहिरींचे. आणि कोरडी राख उचलायची, भरायची, तिच्या विटा पाडायच्या, पंप आणि नळ सांभाळायचे, याला माणसेच लागतात. पाणी राखल्याने काम वाढते, ते घटत नाही.

अमेरिकेतील टेनेसी राज्यात किंग्स्टन येथे डिसेंबर २००८ मध्ये राखेचा प्रचंड बंधारा फुटला. ती राख उपसण्याचे काम केलेले कामगार पुढे आजारी पडले आणि न्यायालयात गेले. २०१८ साली तेथील ज्यूरीने ठरवले की, ठेकेदाराने कामगारांच्या रक्षणाचे आपले कर्तव्य पाळले नाही. राख प्रथम कामगाराच्या छातीत जाते, मग नदीत.

नळ कोठे गळतो, कोणता पंप महिनाभर बंद आहे, रात्री कोणती झडप उघडली, हे सर्वांआधी कळते ते पाळीवरच्या माणसाला. १९७४ च्या कायद्याचे ३१ वे कलम असे सांगते की, अपघाताने घाण पाण्यात गेली किंवा जाण्याचा संभव असला, तर त्या जागेच्या प्रमुखाने ताबडतोब कळवले पाहिजे. प्रमुखाला कळवतो कामगार. तो जर कंत्राटी असेल आणि उद्या त्याचा पास काढून घेतला जाणार असेल, तर तो बोलेल कसा? म्हणून माझी मागणी अशी की, गळतीची खबर देणाऱ्या कामगाराला, कायम असो वा कंत्राटी, नोकरीचे लेखी संरक्षण असावे, आणि संघटनांनी पगारवाढीच्या मागणीपत्रात हे कलम वरच्या बाजूला घालावे.

आणि आपण? वीज नियामक आयोग दर ठरवण्यापूर्वी जाहीर सुनावणी घेतो, हरकती मागवतो. तेथे आपण दर किती, एवढेच विचारतो. यापुढे आणखी तीन प्रश्न विचारू. बंधाऱ्यातले किती पाणी परत वापरले? किती बाहेर गेले? आणि बाहेर गेल्याबद्दल भरावी लागलेली रक्कम आमच्या बिलात तर घातली नाही ना? कोरडी राख उचलण्याच्या व्यवस्थेसाठी युनिटमागे काही पैसे अधिक पडणार असतील तर ते देण्याची तयारीही आपण दाखवली पाहिजे. फुकटचा न्याय मागणे मला पटत नाही.

आपण नदीच्या वरच्या अंगाला राहणारी माणसे आहोत. केरा आणि कोयना आपल्या दारात एकत्र येतात, आणि आपण त्यांत जे सोडू ते कराडला आणि पुढे सांगलीला प्यावे लागते. म्हणून वरच्याचे खालच्याशी नाते काय असते, हे पाटणला कोणी शिकवायला नको. ते नाते कन्हानच्या काठच्या लोकांनाही लागू आहे, एवढेच मला सांगायचे होते.