माफ केलेला मेहर आणि सोडून दिलेला हिस्सा

(सोसायटीच्या माता-पालक मेळाव्यात एका निवृत्त शिक्षिकेने केलेल्या भाषणाचा मजकूर)





‘दैनंदिन जीवनातील स्त्रियांचे प्रश्न’ असा विषय मला दिला आहे. विषय फार मोठा आहे आणि मी काही विदुषी नव्हे. चौतीस वर्षे मुलींना मराठी आणि इतिहास शिकवला, एवढीच माझी शिदोरी. म्हणून आज मी फक्त दोन वाक्यांविषयी बोलणार आहे. ही दोन्ही वाक्ये आपल्या घराघरांत बोलली जातात, बायकाच ती बोलतात, आणि बोलणारीला सगळे शाबासकी देतात. पहिले वाक्य, ‘मी मेहर माफ केला.’ दुसरे वाक्य, ‘मी माझा हिस्सा सोडला.’

पहिले वाक्य मी माझ्या आईच्या तोंडून ऐकले. 1988 साली माझे वडील वारले. जनाजा उचलायची वेळ झाली तेव्हा दोघी वडीलधाऱ्या बायकांनी आईला धरून मय्यतीजवळ आणले. एकीने तिच्या कानाशी लागून सांगितले, ‘मेहर माफ किया बोल.’ आई भानावर नव्हती. तिने मान हलवली, ओठ हलवले. बायका म्हणाल्या, ‘हो गया.’ आईचा मेहर होता 151 रुपये. सदतीस वर्षांच्या संसारात तो कोणी तिच्या हातावर ठेवला नव्हता, आणि शेवटी आठ-दहा सेकंदांत तो माफ झाला.

कोणी म्हणेल, 151 रुपयांचे काय एवढे? रक्कम लहान आहे हे खरे. पण वडिलांनी दुकानदाराची 151 रुपयांची उधारी ठेवली असती, तर त्या दुकानदाराला मय्यतीजवळ आणून ‘माफ केले म्हण’ असे कोणी म्हटले असते का? आपल्या शरीयतीप्रमाणे न दिलेला मेहर हे नवऱ्यावरचे कर्जच आहे. माणूस वारला की त्याच्या मालमत्तेतून आधी कर्ज फेडायचे आणि मग उरलेले वारसांत वाटायचे. त्या कर्जात बायकोचा मेहरही येतो. बायकोला मेहर माफ करता येतो, परंतु स्वखुशीने. दुःखाने वेडीपिशी झालेल्या बाईने नवऱ्याच्या मय्यतीशी ‘माफ केला’ म्हटले, तर ती स्वखुशी म्हणायची का? हा प्रश्न कलकत्ता उच्च न्यायालयापुढे आला होता, आणि अशी माफी विधवेवर बंधनकारक नाही असा निकाल 1920 च्या सुमारास लागलेला आहे. शंभर वर्षे होऊन गेली. तो निकाल आपल्या माजघरापर्यंत अजून पोचलेला नाही.

आता दुसरे वाक्य. हे वाक्य मी स्वतः बोलले आहे, म्हणून ते सांगणे मला अधिक जड जाते.

वडिलांची हातकणंगले तालुक्यात चार एकर उसाची जमीन होती. आम्ही एक भाऊ आणि दोन बहिणी. चाळिसाव्यानंतर भाऊ म्हणाला, ‘आपा, तलाठ्याकडे नाव लावायचे आहे. तुमची सही लागेल.’ भाऊ वाईट नव्हता, आजही नाही. त्याला वाटले, असेच करतात. मलाही वाटले, असेच करतात. मी शिक्षिका, मुलींना झाशीच्या राणीचा धडा शिकवणारी. मी कागद न वाचता सही केली. धाकटीने माझ्याकडे पाहिले आणि तिनेही सही केली. आईने अंगठा उठवला. भावाने आम्हा दोघींना चांगल्या साड्या घेतल्या. गावात आमचे नाव झाले, ‘पोरी असाव्यात तर अशा.’

आम्ही काय सोडले, याचा हिशेब मी पुष्कळ वर्षांनी मांडला. सूरह निसामध्ये वारसांचे हिस्से सांगितलेले आहेत. मुलेबाळे असतील तर विधवेला आठवा हिस्सा, आणि उरलेल्यात मुलाला दोन तर मुलीला एक या प्रमाणात. चार एकर म्हणजे 160 गुंठे. आईचे 20 गुंठे. राहिले 140. त्यात भावाचे 70, आणि आम्हा बहिणींचे प्रत्येकी 35. दोन साड्यांच्या बदल्यात आम्ही तिघींनी मिळून 90 गुंठे जमीन सोडली होती.

मला नोकरी होती, पुढे पेन्शन मिळाले, माझे काही अडले नाही. पण 2003 साली धाकटीचा नवरा वारला. दोन मुले पदरात घेऊन ती माहेरी आली. भावाने ठेवून घेतले, उपाशी ठेवले नाही. पण ज्या रानात ती खुरपत होती, त्या रानाच्या सातबाऱ्यावर तिचे नाव नव्हते. नाव नाही म्हणून उसाची नोंद नाही, उसाचे बिल नाही, सेवा सोसायटीचे पीककर्ज नाही. मुलाच्या फीसाठी तिला भावजयीपुढे हात पसरावा लागे. एकदा ती मला म्हणाली, ‘आपा, तू सही केलीस म्हणून मी केली. तू शिकलेली होतीस.’

या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजचे हे भाषण म्हणजे त्या उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न आहे.

मायबहिणींनो, हे दुखणे केवळ आपल्या समाजाचे आहे असे मात्र समजू नका. महाराष्ट्रात 1994 साली कायदा दुरुस्त झाला आणि हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क मिळाला. 2005 साली तो हक्क साऱ्या देशात आला. परंतु तलाठ्याच्या चावडीत जाऊन पाहा. ‘हक्कसोडपत्र’ हा शब्द तिथे रोज ऐकू येतो. तिथली बहीणही साडी-चोळी घेऊन सही करून जाते. का? कारण तिला भीती वाटते की हिस्सा मागितला तर माहेर तुटेल. सण बंद होतील, भाचरांच्या लग्नाचे आमंत्रण येणार नाही, उद्या नवऱ्याने घराबाहेर काढले तर जायला दार उरणार नाही. जिला हक्क नाही तिला आसऱ्याची गरज लागते, आणि आसऱ्याच्या आशेने ती हक्क सोडते. हे चक्र असे फिरत राहते.

स्त्रीमुक्तीचे नाव काढले की आपल्याकडे काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. हे परदेशातून आलेले खूळ आहे, असे म्हणतात. 1975 हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून पाळले गेले, त्या वर्षी पुण्यात स्त्रीमुक्तीची मोठी परिषद भरली, हे खरे. पण त्या चळवळीचे मुख्य म्हणणे साधे होते. घरातला प्रश्न हा समाजाचाही प्रश्न आहे, ‘आमचे आम्ही बघू’ म्हणून उंबऱ्याआड तो झाकता येणार नाही. हे म्हणणे आपल्या कोल्हापूरला नवे आहे का? राजर्षी शाहू महाराजांनी 1906 साली येथील मुसलमान मंडळींना एकत्र करून मुस्लिम समाजाच्या शिक्षणासाठी संस्था उभी केली, तिचे अध्यक्षपद स्वतः स्वीकारले. दसरा चौकातील मुस्लिम बोर्डिंग आपण येता-जाता पाहतो. त्याच महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा निर्णय घेतला, आणि 1919 साली स्त्रियांच्या छळाला प्रतिबंध करणारा कायदा केला. घरात बाईला कसे वागवतात हे सरकारने पाहावयाचे, ही गोष्ट कोल्हापूर संस्थानाने महिला वर्षाच्या 56 वर्षे आधी मान्य केली होती.

आपल्या समाजातही आवाज उठला. 18 एप्रिल 1966 रोजी मुंबईत हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांनी विधानभवनावर मोर्चा नेला. त्यांच्या सर्वच मागण्या सर्वांना पटल्या नाहीत, आजही पटत नाहीत. पण सात बायका रस्त्यावर उतरल्या, ही गोष्ट इतिहासात नोंदली गेली. पुढे 1985 साली शाहबानो प्रकरणाचा निकाल आला, 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने एका दमात तीनदा उच्चारलेला तलाक रद्द ठरवला, 2019 साली त्याविरुद्ध कायदा झाला. तलाकवर वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने आले. मेहरावर आणि हिश्शावर मात्र कोणी बोलले नाही. तलाक थोड्यांच्या वाट्याला येतो. मेहर मात्र प्रत्येक निकाहात असतो आणि वारसा बहुतेक घरांत. रोजचे असते म्हणूनच ते डोळ्यांना दिसत नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, ‘पोरीच्या लग्नात खर्च केला, तोच तिचा हिस्सा.’ बंधूंनो, मांडवाचा आणि बिर्याणीचा खर्च हा मुलीचा वारसा कोणत्या किताबात लिहिला आहे? आणि जहेज म्हणून दिलेले बहुधा मुलीच्या हातात राहतच नाही, सासरी जाते. 1961 च्या हुंडाप्रतिबंधक कायद्याने हुंड्याची व्याख्या करताना मेहर त्यातून स्पष्टपणे वगळला आहे. कारण हुंडा मुलीकडून घ्यावयाचा आणि मेहर तिला द्यावयाचा असतो. आपण मात्र उलटे केले आहे. मेहर काही शे रुपयांचा, तोही उधार. आणि जहेजाची यादी लाखांची, तीही रोख!

दुसरा आक्षेप कायद्याचा. 1937 च्या शरीयत कायद्यातून शेतजमिनीचा प्रश्न वगळला होता, त्याकडे बोट दाखवणारे भेटतात. दक्षिणेतील काही राज्यांनी पुढे ही उणीव भरून काढली. पण मी विचारते, नमाज-रोज्याच्या बाबतीत आपण कायद्यातील पळवाट शोधतो का? मग लेकीच्या 35 गुंठ्यांपुरतीच ती का आठवावी?

आता करावयाचे काय? भाषण ऐकून घरी जाल आणि पुन्हा चपात्या लाटायला बसाल, म्हणून लक्षात राहील एवढेच सांगते.

पहिली गोष्ट निकाहनाम्याची. निकाहाच्या दिवशी गडबडीत मुलीपुढे कागद येतो आणि ‘इथे सही कर’ म्हणतात. तो कागद आठ दिवस आधी घरी आणा. मुलीला स्वतः वाचू द्या. मेहर किती, तो लगेच द्यावयाचा की पुढे, हे दोन्ही त्यात लिहिलेले पाहिजे. शक्य असेल तर मेहर त्याच दिवशी, मुलीच्या स्वतःच्या खात्यात जमा करा. मग कोणाला मय्यतीजवळ माफी मागायची वेळ येणार नाही.

दुसरी गोष्ट वारसनोंदीची. वारसांच्या अर्जात बायको आणि मुली यांची नावे आहेत की नाहीत, ते स्वतः पाहा. फेरफाराची नोटीस आली तर हरकत घेण्यास 15 दिवस असतात, ते वाया घालवू नका. मी केली तशी न वाचता सही करू नका. कोणाला खरोखरच हिस्सा भावाला द्यावासा वाटला तर जरूर द्या. पण आधी नाव लागू द्या, हिस्सा किती ते समजू द्या, वर्ष-सहा महिने जाऊ द्या. आपल्या हातात आलेली वस्तू दिली तर ते दान होते. माझ्या हातात काही आलेच नव्हते, मग मी दिले तरी काय?

तिसरी विनंती सोसायटीला आणि शिक्षक बंधु-भगिनींना. नववी-दहावीच्या मुलींना वर्षातून चार तास द्या. एका तासाला सातबारा, एका तासाला निकाहनामा, एका तासाला बँकेचे पासबुक आणि एका तासाला वारसांचा हिशेब. अपूर्णांक तर आपण शिकवतोच. एक अष्टमांश म्हणजे किती, हे पाटीवरच्या आंब्याऐवजी आईच्या हिश्शावरून शिकवा. आणि हा तास मुलांनाही द्या. उद्या बहिणीपुढे कागद धरणारे तेच आहेत.

‘रूढी एवढी जुनी, ती कशी मोडणार?’ असे म्हणू नका. आपल्याच जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने मे 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव केला की विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे बंद. काही दिवसांतच राज्य शासनाने इतर गावांनाही तसे करण्याचे आवाहन केले. ती रूढीसुद्धा मय्यतीजवळच पाळली जात होती आणि तिथेही हात बायकांचेच असत. एका गावाला हे जमले, तर आपल्या एका जमातीला जमणार नाही का? मय्यतीच्या वेळी कोणत्याही बाईकडून मेहर माफ करून घ्यावयाचा नाही, एवढे तरी आपण आज ठरवू.

माझी धाकटी बहीण आज येथे समोर बसली आहे. मागच्या वर्षी भावाने आपण होऊन 15 गुंठे तिच्या नावे केले. हिशेबाने 35 होतात, हे तिलाही ठाऊक आहे आणि आता भावालाही ठाऊक आहे. बाकीच्या 20 गुंठ्यांचे बोलणे चालू आहे. माहेर तुटलेले नाही. ईदला आम्ही तिघे एकाच ताटात शीरखुर्मा प्यालो.